पाण्याचा दर कोण ठरवितो?

(संस्थेच्या व्याख्यानमालेत पालक व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी विस्तार केला आहे.)



मी अर्थशास्त्राचा पंडित नाही आणि पाणीपुरवठ्याचा इंजिनियरही नाही. मी शाळेत इतिहास व नागरिकशास्त्र शिकवितो. नागरिकशास्त्राच्या तासाला गावाला पाणी कोण पुरविते हा प्रश्न आला की मुले चटकन उत्तर देतात, 'नगरपालिका'. परंतु त्या पाण्याचा दर कोण ठरवितो, कोणत्या हिशेबाने ठरवितो आणि तो हिशेब बरोबर आहे की नाही हे कोण तपासतो, असे विचारले तर वर्ग गप्प होतो. खरे म्हणजे आपण मोठी माणसेही गप्पच होतो. वर्षातून एकदा पाणीपट्टीचे बिल येते. आपण रक्कम पाहून कपाळाला आठ्या घालतो, भरतो किंवा थकवितो, आणि विसरून जातो. म्हणून आज मी हाच विषय घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. पाणी निसर्गाने फुकट दिले आहे, मग त्याला दाम कशाला, असे पुष्कळ लोक म्हणतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पाऊस फुकट पडतो, पण धरण, पंप, वीज, तुरटी, क्लोरीन, जमिनीखालचे नळ आणि ते दुरुस्त करणारा माणूस यांतले काहीही फुकट मिळत नाही. शिवाय पाणी घरात येऊन थांबत नाही. आंघोळीचे, भांड्यांचे आणि संडासाचे पाणी घराबाहेर पडते. ते वाहून नेऊन, शुद्ध करून नदीत किंवा समुद्रात सोडावे लागते. पाणी आणण्याचा आणि सांडपाणी नेण्याचा असा दुहेरी खर्च असतो. त्यातला दुसरा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो देताना माणसाच्या जिवावर येते.

दुसरी गोष्ट. कापडाच्या दुकानात भाव पटला नाही तर आपण शेजारच्या दुकानात जातो. पाण्याचे तसे नाही. एका गल्लीत दोन कंपन्यांचे दोन नळ कोणी टाकणार नाही, कारण तो खर्च वायाच जाईल. म्हणजे विकणारा एकच, आणि घेणाऱ्याला घेतल्यावाचून गत्यंतर नाही. 'अडला हरी, गाढवाचे पाय धरी' अशी गिऱ्हाइकाची स्थिती होते. अशा वेळी दर ठरविण्याचे काम विकणाऱ्यावर सोपविता येत नाही. आणि ज्याला पुढच्या निवडणुकीत मते मागावयाची आहेत त्याच्याच हाती ते ठेवले, तर दर खाली ठेवण्याचा मोह त्याला आवरत नाही. मग नळ गंजतात, गळती वाढते, आणि दुरुस्तीला पैसा उरत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? या दोन्ही संकटांतून वाट काढण्यासाठी जगातल्या अनेक देशांनी तिसरा मार्ग काढला. विकणाराही नाही आणि पुढारीही नाही, असा एक स्वतंत्र पंच नेमावयाचा. त्याला नियामक म्हणतात.

या नियामकाचे काम समजून घेण्यासाठी मी इंग्लंड-वेल्सचे उदाहरण घेतो. तेथे हा प्रयोग सर्वांत उघडपणे आणि दीर्घकाळ झाला आहे. त्याचे यश आणि अपयश दोन्ही कागदोपत्री नोंदलेले आहे, म्हणून आपल्याला त्यापासून शिकता येते.

इंग्लंड-वेल्समध्ये १९७३ च्या कायद्याने पाणी व मैलापाणी यांचे काम दहा प्रादेशिक सरकारी मंडळांकडे एकत्र करण्यात आले. १९८९ साली पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ही दहाही मंडळे कंपन्या करून भागधारकांना विकली. विकताना त्यांच्या डोक्यावरचे सुमारे पाच अब्ज पौंडांचे जुने कर्ज सरकारने माफ केले. म्हणजे या कंपन्यांनी आपला संसार जवळजवळ कर्जाविना सुरू केला. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे. लोकांची लूट होऊ नये म्हणून त्याच वर्षी ऑफवॅट नावाचे नियामक कार्यालय स्थापन झाले. इयान बायट हे त्याचे पहिले प्रमुख.

नियामकाने दर ठरवावयाचा तो कसा? जुनी पद्धत अशी होती की कंपनीने खर्च दाखवावा आणि त्यावर ठरावीक नफा मिळवून दर लावावा. या पद्धतीत काटकसर करणाऱ्याला बक्षीस नाही आणि उधळणाऱ्याला शिक्षा नाही. स्टीफन लिटलचाइल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ साली ब्रिटिश टेलिफोनसाठी निराळा उपाय सुचविला आणि तोच पुढे पाण्यालाही लावण्यात आला. उपाय सोपा आहे. काही वर्षांसाठी दराची कमाल मर्यादा आधीच बांधून द्यावयाची. ती दरवर्षी महागाईप्रमाणे वाढेल, आणि शिवाय नियामकाने ठरविलेल्या आकड्याइतकी अधिक किंवा उणी होईल. या मर्यादेत राहून कंपनीने काटकसर केली तर वाचलेला पैसा त्या मुदतीपुरता तिचा. मुदत संपली की नियामक नव्याने हिशेब मांडणार आणि त्या काटकसरीचा लाभ लोकांना कमी दराच्या रूपाने देणार. १९९४ साली पहिली फेरतपासणी झाली. त्यानंतर १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशी दर पाच वर्षांनी ती होत आली.

आता आपण फळ्यावर एक गणित मांडू. आकडे काल्पनिक आहेत, रीत मात्र खरी आहे. समजा एका शहरात २० हजार घरे आहेत. तेथील धरण, नळ, गटारे आणि शुद्धीकरण केंद्र यांत गुंतलेले भांडवल नियामकाने १०० कोटी रुपये धरले. या भांडवलावर ज्यांनी पैसा घातला त्यांना ४ टक्के परतावा द्यावयाचा, म्हणजे ४ कोटी. हे सर्व सामान सरासरी ४० वर्षे टिकेल असे धरले तर वर्षाचा घसारा अडीच कोटी. वीज, औषधे, पगार, दुरुस्ती यांचा चालू खर्च १० कोटी. एकूण साडेसोळा कोटी झाले. त्यांपैकी साडेचार कोटी दुकाने आणि कारखाने यांच्याकडून मिळतात असे धरा. उरले १२ कोटी. ते २० हजार घरांत वाटले की दर घराला वर्षाचे ६ हजार, महिन्याचे ५०० रुपये. कर वगैरे गोष्टी सोडल्या तर नियामकाच्या हजारो पानांच्या निकालाचा सांगाडा एवढाच असतो.

गणित सोपे दिसते, पण त्याच्या प्रत्येक ओळीत भांडण दडलेले आहे.

पहिले भांडण परताव्याचे. ४ टक्क्यांऐवजी ५ टक्के धरले तर काय होईल? १०० कोटींवर एक टक्का म्हणजे एक कोटी. तो घरांवर टाकला तर दर घराला वर्षाला ५०० रुपये जास्त. पाण्याचा एक थेंबही वाढला नाही, एक फूट नळही नवा पडला नाही, आणि बिल मात्र वाढले. उलट परतावा फार कमी धरला तर पैसा घालावयाला कोणी पुढे येणार नाही आणि नवे काम अडून राहील. या एका टक्क्यासाठी दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ महिनोन्‌महिने वाद घालतात. ऑफवॅटने जुलै २०२४ च्या कच्च्या निर्णयात हा परतावा महागाई वगळून ३.७२ टक्के धरला होता. डिसेंबर २०२४ च्या पक्क्या निर्णयात तो ४.०३ टक्के झाला. सामान्य माणसाने या दशांशाकडे पाहिलेही नसेल, पण त्याचे पैसे त्याच्याच खिशातून गेले.

दुसरे भांडण काळाचे. आपल्या काल्पनिक शहराला सांडपाण्याचे ४० कोटींचे नवे शुद्धीकरण केंद्र बांधावयाचे आहे. तो खर्च एकाच वर्षी वसूल केला तर दर घराला २० हजार रुपये. कोण देईल? त्याऐवजी कर्ज काढून तो ४० वर्षांवर पसरला, तर परतावा १ कोटी ६० लाख, घसारा १ कोटी आणि ते चालविण्याचा खर्च समजा ६० लाख, म्हणजे वर्षाला ३ कोटी २० लाख. सगळा बोजा घरांवर टाकला तरी दर घराला १,६०० रुपये. हे झेपण्यासारखे आहे, आणि न्यायाचेही आहे, कारण त्या केंद्राचा उपयोग आपल्या मुलांनाही होणार आहे. पण येथेच तिसरी वाटही दिसते. केंद्र बांधावयाचेच नाही, पुढच्या पाच वर्षांवर ढकलावयाचे. मग बिल वाढत नाही, सर्वजण खूष राहतात, आणि घाण नदीत जाते.

तिसरे भांडण माहितीचे. कंपनी म्हणते चालू खर्च १० कोटी. तो ८ कोटींत भागणार नाही कशावरून? आतली माहिती कंपनीजवळ असते, नियामक बाहेरचा असतो. यावर ऑफवॅटने जी युक्ती योजली ती आम्हा शिक्षकांना चांगलीच परिचित आहे. एका विद्यार्थ्याला पेपर कठीण होता की सोपा, हे त्याला विचारून कळत नाही. वर्गातल्या इतरांचे गुण पाहावे लागतात. दहा मोठ्या आणि काही लहान कंपन्यांचे खर्च शेजारी शेजारी ठेवून नियामक विचारतो की जे काम ती कंपनी इतक्यात करते, ते तुम्हाला का जमत नाही? या तुलनेचा उपयोग झाला. नोव्हेंबर १९९९ च्या निर्णयाने पुढच्या वर्षी सरासरी बिल सुमारे १२ टक्क्यांनी खाली आले. काटकसरीचा लाभ लोकांपर्यंत पोहोचला, हे मान्य केले पाहिजे.

एकूण रक्कम ठरली म्हणजे ती घराघरांत कशी वाटावयाची हा प्रश्न उरतो. इंग्लंड-वेल्समध्ये निम्म्याहून अधिक घरांना मीटर आहे. तेथे जितका वापर तितके बिल. ज्यांना मीटर नाही त्यांचे बिल घराच्या जुन्या करमूल्यावरून निघते, आणि ही मूल्ये १९९० नंतर बदललेली नाहीत. त्यामुळे मोठ्या घरात एकटी राहणारी वृद्ध बाई पुष्कळ पैसे भरते, आणि लहान घरातले सहा जणांचे कुटुंब कमी भरते. मीटर बसविला की हे चित्र उलटे होते. एकटीचे बिल उतरते आणि मुलाबाळांच्या घराचे चढते. कोणतीही रीत घेतली तरी कोणाला ना कोणाला ती जड जातेच. सांडपाण्याला तर मीटर बसविता येत नाही. म्हणून नळाने घरात आलेल्या पाण्यापैकी नव्वद-पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणी गटारात परत जाते असे गृहीत धरून आकार लावतात. ज्याच्या छपरावरचे पावसाचे पाणी गटारात न जाता अंगणातच मुरते त्याला अर्ज केल्यावर काही सूटही मिळते.

गरिबाचे काय? नियामकाच्या गणितात 'सरासरी घर' असते, पण सरासरी घरात कोणीच राहत नाही. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याने घरगुती बिल थकले म्हणून नळ तोडण्यास बंदी घालण्यात आली. थकबाकी वसूल करावी, कोर्टात जावे, पण पाणी बंद करावयाचे नाही. मीटर असलेल्या घरातले कुटुंब सरकारी मदतीवर असेल, आणि घरात तीन किंवा अधिक मुले असतील, किंवा ज्याला जास्त पाणी लागते असा रुग्ण असेल, तर त्याचे बिल त्या भागातील सरासरीपेक्षा वर जाऊ दिले जात नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने निराळी वाट धरली. तेथे नियामक आदर्श, काटकसरी अशी एक कंपनी कागदावर उभी करतो, तिला किती खर्च आला असता ते मोजतो आणि त्यावरून पाच वर्षांसाठी पूर्ण खर्चाचा दर बांधतो. पण १९८९ च्या कायद्याप्रमाणे गरीब कुटुंबांच्या बिलाचा एक भाग, ठरावीक वापरापर्यंत, सरकार भरते. म्हणजे दर सर्वांना एकच, आणि मदत ज्याला पाहिजे त्याला. दर सर्वांसाठी खाली ठेवला तर बंगल्यातल्या बागेचे पाणीही स्वस्त होते, हे चिलीच्या लोकांनी ओळखले.

आता इंग्लंडच्या कथेचा उत्तरार्ध सांगतो. तोच आपल्या विशेष उपयोगाचा आहे.

१९८९ साली कंपन्या जवळजवळ कर्जमुक्त होत्या असे मी मघाशी सांगितले. पुढील तीन दशकांत त्यांचे एकूण कर्ज साठ अब्ज पौंडांच्या वर गेले. कर्ज काढणे हे मुळात वाईट नाही. आपल्या काल्पनिक शहरानेही शुद्धीकरण केंद्रासाठी कर्ज काढलेच. पण तेथे असे झाले की नियामक परतावा मोजताना एका कल्पित कंपनीचा हिशेब धरी. तिचे भांडवल इतके, कर्ज इतके, असे ते समजुतीचे प्रमाण असे. प्रत्यक्षातल्या काही कंपन्या त्या प्रमाणाहून कितीतरी जास्त कर्ज काढीत आणि भागधारकांना लाभांश वाटीत. कर्ज कंपनीचे, धोका कंपनीचा, त्यात आपण कशाला पडावे, अशी नियामकाची बरीच वर्षे भूमिका होती. व्याजाचे दर खाली होते तोवर हे चालून गेले. २०२२ नंतर व्याज चढले तेव्हा सर्वांत मोठी कंपनीही बुडण्याच्या काठावर आली. कंपनीची आर्थिक प्रकृती धोक्यात येत असेल तर लाभांश अडविता येईल, असा बदल नियामकाने परवान्यात केला तो २०२३ साली.

दुसरीकडे गटारांचे काय झाले? इंग्लंडच्या पुष्कळ शहरांत पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच जुन्या नळातून वाहते. जोराचा पाऊस आला की नळ भरतो, आणि घरात घाण उलटून येऊ नये म्हणून ते पाणी सरळ नदीत किंवा समुद्रात सोडण्याची तोंडे ठेवलेली असतात. ही तोंडे अडीअडचणीपुरती होती. २०२३ च्या अखेरीस अशा १४ हजारांहून अधिक तोंडांवर मोजणीची यंत्रे बसली आणि खरे चित्र बाहेर आले. त्या एका वर्षात ती तोंडे सर्व मिळून सुमारे ३६ लाख तास उघडी होती. लोक संतापले. संताप योग्यच होता. पण त्या संतापात एक गोष्ट नजरेआड होण्याचा संभव असतो. बिल खाली ठेवले म्हणून ज्या निर्णयांना शाबासकी मिळाली होती, त्यांतल्या काहींची किंमत नदीने चुकविली होती.

शेवटी ती किंमत बिलात परत आली. १९ डिसेंबर २०२४ रोजी ऑफवॅटने २०२५ ते २०३० या काळाचा निर्णय दिला. कंपन्यांना एकूण १०४ अब्ज पौंड खर्चाची मुभा मिळाली, आणि सरासरी बिल महागाई वगळून पाच वर्षांत ३६ टक्क्यांनी वाढेल असे ठरले. पाच महिन्यांपूर्वीच्या कच्च्या निर्णयात हीच वाढ २१ टक्के होती. एप्रिल २०२५ मध्ये पहिल्याच हप्त्याला सरासरी घराचे वर्षाचे बिल १२३ पौंडांनी वाढून ६०३ पौंड झाले. एवढ्यानेही ज्यांचे समाधान झाले नाही अशा पाच कंपन्यांनी वरच्या प्राधिकरणाकडे दाद मागितली. ऑक्टोबर २०२५ च्या तात्पुरत्या निष्कर्षात, त्यांनी जादा मागितलेल्या २.७ अब्ज पौंडांपैकी पाचव्या हिश्श्याच्या आसपासच रक्कम योग्य ठरविण्यात आली. आणि जुलै २०२५ मध्ये सर जॉन कनलिफ यांच्या स्वतंत्र आयोगाने शिफारस केली की ऑफवॅट हे कार्यालयच बंद करून पैसा, पाण्याची शुद्धता आणि नदीचे आरोग्य या सर्वांकडे एकत्र पाहणारा नवा नियामक नेमावा. सरकारने ती शिफारस मान्य असल्याचे त्याच दिवशी जाहीर केले.

यावरून काही वाचक म्हणतील की दोष खाजगी मालकीचा. त्यात तथ्य आहे, पण सगळे उत्तर त्यात नाही. वेल्समधील मोठी कंपनी २००१ पासून भागधारकांविना चालते. तेथे लाभांश वाटला जात नाही, तरीही जुन्या गटारांचा खर्च तिला चुकलेला नाही. स्कॉटलंडमध्ये पाणी सार्वजनिक मालकीचेच राहिले, आणि तरीही त्याच्या दरावर स्वतंत्र आयोग बसविलेला आहे. आयर्लंडने २०१४ साली घरगुती पाण्याला आकार लावावयाचे ठरविले तेव्हा लाखो लोक रस्त्यावर आले. २०१६ मध्ये ती आकारणी स्थगित झाली, आणि २०१७ च्या कायद्याने घेतलेले पैसे लोकांना परत करून पाण्याचा खर्च सर्वसाधारण करांतून भागविण्याचे ठरले. म्हणजे पाणी फुकट झाले नाही. बिल देण्याचे दार तेवढे बदलले. मालक कोणीही असो, खर्च कोणीतरी भरतोच. कोण भरतो आणि केव्हा भरतो एवढेच ठरवावयाचे असते. आज न भरलेला खर्च नाहीसा होत नाही. तो आपल्या मुलांच्या नावावर चढतो, किंवा नदीच्या.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. नियामक ही कल्पना आपल्याला परकी राहिलेली नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ साली झाला, आणि पाण्यासाठी असे प्राधिकरण स्थापन करण्यात आपले राज्य देशात अग्रेसर ठरले. धरणातून नगरपालिकेला, कारखान्याला आणि शेतीला जे ठोक पाणी मिळते त्याचे दर हे प्राधिकरण ठरविते. व्यवस्थापनाचा आणि देखभालीचा खर्च पाणीआकारातून भरून निघावा असे तत्त्व कायद्याने घालून दिले आहे. आणि त्याच कलमात लाभधारक जनतेचे मत जाणून घेऊन निकष ठरवावेत असेही शब्द आहेत. परंतु हा हिशेब धरणाच्या दरवाजापाशी संपतो. तेथून आपल्या स्वयंपाकघरातल्या नळापर्यंतचा दर महानगरपालिका किंवा नगरपालिका ठरविते. इंग्लंडच्या पंचासारखा कोणी तेथे बसलेला नाही.

आणि आपला हिशेब कसा आहे? पुष्कळ गावांत मीटर नाही. अर्धा इंची नळ म्हणजे वर्षाला अमुक रुपये, असा ठोक आकार असतो. पाणी रोज येवो की दिवसाआड येवो, दोन हंडे येवो की टाकी भरून वाहो, आकार तोच. सांडपाण्याचा आकार काही शहरांत पाण्याच्या आकाराच्या ठरावीक टक्क्यांनी लागतो, मुंबईत तो तसा लागतो. परंतु अनेक लहान गावांत भुयारी गटारच नाही. मैला टाकीत साठतो आणि बाकीचे पाणी उघड्या गटारातून ओढ्याला मिळते. तेथे सांडपाण्याचे बिल येत नाही म्हणून आपण समाधान मानतो. पण त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला दुसऱ्या गावाची विहीर असते.

यात सर्वांत जास्त कोणाला मोजावे लागते? ज्याच्या घरी नळ आहे त्याला नव्हे. ज्या वस्तीत नळ पोहोचलेला नाही, जेथे सार्वजनिक नळकोंडाळ्यावर रांग लागते आणि उन्हाळ्यात टँकर आला नाही तर पैसे देऊन पिंपे भरून घ्यावी लागतात, तेथील माणूस लिटरमागे नळवाल्यापेक्षा कितीतरी अधिक देतो. शिवाय घरातल्या बाईचा आणि मुलीचा वेळ जातो, तो कोणाच्याच हिशेबात येत नाही. पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्या मुलींना कारण विचारले की 'सर, पाणी भरावयाचे होते' हे उत्तर किती वेळा मिळते, हे येथे बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. 'पाणीपट्टी वाढू देणार नाही' अशी घोषणा होते तेव्हा टाळ्या वाजतात. पण नवे नळ टाकावयाला पैसा राहत नाही, आणि ती मुलगी रांगेतच उभी राहते. म्हणून स्वस्त पाणी म्हणजे गरिबाचे पाणी, ही समजूत तपासून घेतली पाहिजे. गरिबाला आधी नळ हवा, मग पहिल्या गरजेपुरते पाणी अल्प दरात हवे, आणि बागेला व मोटारी धुवायला लागणाऱ्या पाण्याचा पूर्ण दाम ज्याचा त्याने द्यावा. असे टप्प्याटप्प्याचे दर मीटरखेरीज लावता येत नाहीत, आणि मीटर बसवावयाचा तर मोठ्या कुटुंबाची सोय आधी पाहावी लागेल. सासू-सासरे, दोन भाऊ आणि त्यांची मुलेबाळे एका नळावर राहत असतील तर तो वापर चैनीचा नव्हे. इंग्लंडला तीन मुलांच्या घरासाठी जी सवलत ठेवावी लागली, तिची आपल्याकडे गरज अधिकच आहे.

वाचकहो, हे सर्व ऐकून आपण काय करावयाचे? आपण नियामक नाही, नगरसेवकही नाही. पण पाणीपट्टी वाढण्याचा ठराव येतो, किंवा प्राधिकरण दरांच्या मसुद्यावर सूचना मागविते, तेव्हा आपल्याला चार प्रश्न विचारता येतात, आणि ते विचारण्याला पदवी लागत नाही. एक, वर्षाचा एकूण खर्च किती, आणि त्यात चालू खर्च किती व नव्या कामाचा किती? दोन, मागील वेळी जे काम सांगून दर वाढविला होता ते काम झाले काय? तीन, जितके पाणी धरणातून उचलले त्यापैकी किती घरांपर्यंत पोहोचले, आणि बाकीचे कोठे गेले? चार, घराबाहेर पडलेले पाणी शेवटी कोठे जाते, आणि ज्याला नळ नाही त्याला तो केव्हा मिळणार? या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली तर वाढलेली पाणीपट्टीही माणूस समजून भरील. ती मिळाली नाहीत तर कमी दरावरही विश्वास ठेवू नये.

इंग्लंडच्या नियामकाने चुका केल्या हे आज उघडपणे सांगता येते. ते सांगता येते याचे कारण त्याने आपला प्रत्येक आकडा छापून लोकांसमोर ठेवला होता. परतावा किती धरला, खर्च किती मान्य केला, किती नाकारला, कोणत्या कारणाने, हे सर्व वाचावयास मिळते, म्हणून पुढे चौकशी करणाऱ्यांना नेमके बोट ठेवता आले. आपल्या गावच्या पाण्याचा हिशेब असा छापील पानावर आला तर त्यात चुका निघतीलच. निघू द्या. निघालेली चूक दुरुस्त करता येते.

आम्ही शिक्षकांनीही यात थोडा वाटा उचलावा असे मला वाटते. नववी-दहावीच्या वर्गात एकदा मुलांना घरची पाणीपट्टीची पावती आणावयास सांगावी, आणि शेकडेवारीचे गणित तिच्यावरूनच शिकवावे. ज्या मुलाच्या घरी पावतीच नाही, त्याने एका पिंपाला किती रुपये पडतात ते सांगावे. मग दोन्हींचा लिटरमागे दर फळ्यावर शेजारी शेजारी मांडावा. पुढचे मुले आपणच विचारतील.